अर्धशक्ती आणि ट्रायथलॉन : एक स्वानुभव

स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण हे आयुर्वेदाचे पहिले प्रयोजन होय. तथापि आपल्या चिकित्सालयात स्वस्थ मनुष्य क्वचितच येतो. गेल्या काही वर्षांत मात्र असा एक वर्ग येऊ लागला आहे. चाळिशीतील शिक्षक, अभियंते, बँकेतील अधिकारी ट्रायथलॉनचा सराव करीत असतात आणि विचारतात, "वैद्यराज, शक्ती वाढेल असे काही द्या." याचे उत्तर आम्हांस ग्रंथांतून ठाऊक होते. परंतु ते खऱ्या अर्थाने समजले, ते स्वतः या मार्गावर एकदा फसल्यानंतर. तो अनुभव वैद्यबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

स्पर्धेचे स्वरूप

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तिन्ही प्रकार सलग पूर्ण करणे म्हणजे ट्रायथलॉन. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून या खेळाचा ऑलिंपिकमध्ये समावेश आहे. तेथील अंतरे अनुक्रमे १.५, ४० व १० कि.मी. अशी असतात. हवाई बेटांवर १९७८ साली सुरू झालेल्या 'आयर्नमॅन' स्पर्धेची अंतरे ३.८, १८० व ४२.२ कि.मी. आहेत. त्याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा २०१९ साली गोव्यात मिरामार येथे झाली. आमच्याकडील चौकशा वाढल्या त्या तेव्हापासून.

शास्त्राची मर्यादा

व्यायामाने लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य, दुःखसहिष्णुता, दोषक्षय व अग्निवृद्धी होते, असे चरकाचार्य सांगतात. परंतु त्याची मात्रा अर्धशक्तीची. काखा, ललाट, नासिका व सांधे यांवर घाम येणे, मुख कोरडे पडणे आणि श्वास मुखाने घ्यावा लागणे ही बलार्धाची लक्षणे होत. त्यापलीकडे गेल्यास तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, कास व ज्वर संभवतात. अतिसाहस करणाऱ्यास वाग्भटांनी हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंह बलवान खरा, पण शेवटी नाश त्याचाच होतो.

आमची चूक

आम्ही ऑलिंपिक अंतराची, ऑक्टोबरअखेर होणारी एक स्पर्धा निवडली. ज्येष्ठात सराव सुरू केला. पहाटे चारला उठणे, रात्री साडेदहापर्यंत रुग्ण तपासणे आणि जेमतेम पाच तास निद्रा, असा क्रम होता. भाद्रपदापर्यंत वजन पाच किलोंनी घटले. प्रातःकाळची ५८ असलेली नाडीगती ७० वर गेली. अन्नावर वासना राहिली नाही, मुखपाक वारंवार होऊ लागला, निद्रा खंडित झाली आणि रुग्णांवर विनाकारण चिडणे सुरू झाले. आम्ही अश्वगंधा सुरू केली आणि सराव मात्र तसाच चालू ठेवला.

आमच्या सहचारिणी स्वतः वैद्य आहेत. एके रात्री त्यांनी शांतपणे विचारले, "अहो, हाच इतिहास घेऊन एखादा रुग्ण आला असता, तर तुम्ही त्याला औषध दिले असते की थांबविले असते?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. चरकाचार्यांनी शोषाची चार कारणे सांगितली आहेत : साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन. सराव लांबतो म्हणून मूत्रवेग रोखणे आणि वेळ मिळेल तेव्हा उभ्याउभ्या जेवणे हेही आमचे नित्याचेच झाले होते. चारही कारणे आमच्या दिनचर्येत हजर होती! स्पर्धेस तीन आठवडे उरले असता आम्ही माघार घेतली. ओळखीच्या रुग्णांना ते सांगताना संकोच वाटला, हे लपविण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रयत्न

चूक ऋतूपासूनच झाली होती. शीतकाल व वसंत या काळांत अर्धशक्तीने आणि इतर ऋतूंत त्याहून मंद व्यायाम करावा, असे शास्त्र सांगते. आम्ही नेमका वर्षा-शरदात सरावाचा कळस गाठू पाहिला. म्हणून पुढील स्पर्धा फेब्रुवारीतील निवडली. पावसाळ्यात अल्प सराव ठेवला आणि हेमंतात, अग्नी व बल उत्तम असताना, तो वाढविला. वाढविताना हितकर सवय अंगी बाणविण्यासाठी सांगितलेला पादांशिक क्रम पाळला. दर चौथा आठवडा हलका ठेवला.

अर्धशक्ती हा स्थिर आकडा नव्हे, हे या वेळी उमगले. बल वाढते तसे त्याचे अर्धही वाढते. आरंभी तीन कि.मी. धावताच मुखाने श्वास सुरू होई. पौषात त्याच श्रमात आठ कि.मी. होऊ लागले. दीर्घ पल्ल्याचे प्रशिक्षकही बहुतांश सराव बोलता येईल इतक्या संथ गतीने करवितात. स्पर्धेचा दिवस अर्धशक्तीत बसत नाही, हे मान्य करावे लागेल. पण उरलेले सर्व दिवस त्यात बसवता येतात.

रात्रीचे रुग्ण साडेआठला थांबविले. उत्पन्न थोडे घटले, निद्रा मात्र सात तासांची झाली. नित्य तिलतैलाचा अभ्यंग केला. सरावानंतर घाम निवल्यावरच स्नान व भोजन केले. स्पर्धा तीन तास बावीस मिनिटांत पूर्ण झाली. आमच्यामागे फार थोडे स्पर्धक होते. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कडकडून भूक लागली, आणि आमच्या लेखी तेच पदक होते.

वैद्यांसाठी काही सूचना

१. चाळिशीनंतरच्या व्यक्तीस, विशेषतः कुलवृत्तांतात हृद्रोग असल्यास, सरावापूर्वी हृदयाची तपासणी करवून घ्यावी.

२. प्रातःकाळची नाडीगती, भूक, मलप्रवृत्ती, निद्रा व वजन यांची नोंद ठेवण्यास सांगावे. यांपैकी दोन-तीन गोष्टी एकदम बिघडल्यास प्रथम विश्रांती, मग औषध.

३. जल तृष्णेनुसार घ्यावे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळले होते आणि अतिजलपानाशी त्याचा संबंध दिसला. दीर्घ श्रमात सैंधवयुक्त पेया किंवा खजूर-मनुकांचा मंथ उपयुक्त ठरतो. मात्र स्पर्धेच्या दिवशी नवा पदार्थ देऊ नये.

४. औषधे लिहिताना सावध राहावे. कुपीलूतील स्ट्रिक्निन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. त्यामुळे विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी खेळाडूस देऊ नयेत. सोमलतेतील एफेड्रिन ठराविक प्रमाणापलीकडे निषिद्ध आहे. भांगयुक्त जातिफलादि चूर्णही टाळावे. २००५ साली स्थापन झालेली 'नाडा' ही संस्था देशात अशा चाचण्या करते. निर्दोष हेतूने दिलेली पुडीदेखील खेळाडूची कारकीर्द संपवू शकते.

"शक्ती वाढेल असे काही द्या," असे म्हणणाऱ्यास आता आम्ही प्रथम विचारतो, "निद्रा किती तास? भूक कशी?" बहुतेकांचे औषध या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच सापडते. आमचेही तेथेच सापडले. इत्यलम्.