कागदावरच्या कृतीविना क्रोशा : नक्षी शोधायची कुठे?

फ्रीफॉर्म क्रोशा म्हणजे लिखित कृती समोर न ठेवता केलेले विणकाम. नेहमीच्या क्रोशात साखळ्या किती, खांब किती, ओळ कुठे संपवायची, हे आधीच ठरलेले असते. रुखवतातला रुमाल असो की दाराचे तोरण, एका घरातला नमुना दुसऱ्या घरात जसाच्या तसा उतरतो. फ्रीफॉर्ममध्ये लहान लहान तुकडे हवे तसे विणतात, मध्येच दिशा बदलतात, सूत बदलतात आणि शेवटी तुकडे एकमेकांना जोडून शाल, पिशवी किंवा भिंतीवरचा पट तयार करतात. ब्रिटनमध्ये जेम्स वॉल्टर्स आणि सिल्व्हिया कॉश यांनी, पुढे ऑस्ट्रेलियात प्रुडन्स मॅपस्टोन यांनी ही पद्धत रुजवली. वेगवेगळे मोटिफ विणून ते जाळीने सांधायची युक्ती मात्र त्याहून जुनी. आयर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या बटाट्याच्या दुष्काळात असंख्य घरांची चूल क्रोशाने विणलेल्या अशाच लेसवर पेटत होती. नांदेडवरून वाहणारी गोदावरी समुद्राला मिळते त्या टोकाला, आंध्रातील नरसापूर परिसरात, स्कॉटिश मिशनऱ्यांनी शिकवलेला क्रोशा आजही हजारो स्त्रियांच्या हाताला काम देतो.

कृती नसली की पहिला प्रश्न उभा राहतो : विणायचे काय? बहुतेक जणी मोबाइल उघडतात आणि तिथे दिसलेले पाच पाकळ्यांचे गुलाबी फूल उचलतात. असे फूल आयत्या कृतीतले असल्यामुळे त्यातून फ्रीफॉर्म काही साधत नाही. नक्षी सापडते ती वस्तूची नक्कल करून नव्हे, तर तिचा एकच गुण वेचून. वस्तू वाढते कशी, तिची कड कशी आहे, तिच्यात भोके कुठे आहेत, पृष्ठभाग खरखरीत की गुळगुळीत, यांपैकी एकाच प्रश्नाचे उत्तर सुईने द्यायचे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत अशी उत्तरे पावलोपावली आहेत.

वाढीच्या प्रश्नाचे उत्तर थोडे हिशेबाचे आहे. मुक्या खांबांचे सपाट वर्तुळ हवे असेल तर सहा टाक्यांनी सुरुवात करून दर फेरीला सहा टाके वाढवतात : ६, १२, १८, २४. खांब उंच असल्याने तिथे हा आकडा बारा धरतात. वाढ यापेक्षा कमी ठेवली की वर्तुळाची वाटी होते, जास्त ठेवली की कडेला झालर पडते. प्रत्येक टाक्यात दोन टाके घातले तर संख्या ६, १२, २४, ४८, ९६ अशी दुपटीने जाते. सहाव्या फेरीत सपाट वर्तुळाला ३६ टाके पुरतात. इथे ते १९२ होतात आणि विणकामाला चुण्या घालण्यावाचून गत्यंतर राहत नाही. कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ दाइना ताइमिन्या यांनी १९९७ मध्ये याच युक्तीने अपास्तीय (हायपरबोलिक) भूमितीची प्रतिकृती विणली, आणि २००५ मध्ये मार्गारेट व क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी त्यावरून क्रोशाचे प्रवाळबेट उभे करण्याचा प्रकल्प सुरू केला. मराठवाड्यात प्रवाळ नाही, पण अंगणातला कोंबडतुरा आहे. त्याचा तुरा नेमका असाच वाढतो : कडेला वाढ जास्त, बुडाशी कमी. तो पाहून विणणारीने पाकळ्या मोजत बसू नये. वाढ कुठे दुप्पट करायची एवढेच ठरवावे.

शहरही नक्षी देते. लातूरची गंजगोलाई १९१७ मध्ये नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याप्रमाणे उभी राहिली. मधोमध गोल इमारत, तिच्या पोटात देवीचे मंदिर आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. सराफा, किराणा, गूळ, मिरची अशा मालाच्या पेठा या रस्त्यांवर वसल्या. वरून घेतलेले छायाचित्र पाहिले की क्रोशाची पहिली फेरी जवळपास तयारच दिसते. दहा साखळ्या जोडून कडे करावे आणि त्यात सोळा खांब घालावेत. बारा खांबांना लहान कडे पुरते. सोळा खांब त्यात कोंबले तर ते वर उचलतात, म्हणून कडे मोठे. मग एकेका खांबापासून साखळी सोडावी, पण सगळ्या सारख्या नकोत : एक सात साखळ्यांची, दुसरी वीस, तिसरी अकरा. साखळीवरून मुक्या खांबांनी परत यावे. काही साखळ्यांत दोन-दोन टाके घातले की पट्टी आपोआप वळते, गल्ली वळावी तशी. दोन पट्ट्यांमधली जागा कुठे जाळीने, कुठे पिकोने भरावी आणि एखादी मोकळीच सोडावी. सोळाही रस्ते एकाच लांबीचे विणले तर हाती ताटावरचा रुमालच येतो.

भोके पाहायची असतील तर औसा तालुक्यातील खरोसा लेणी गाठावीत. सहाव्या शतकातील मानली जाणारी ही लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत. मराठवाड्यातील बहुतेक लेणी बेसाल्टमध्ये असल्याने खरोसा वेगळे पडते. जांभा मूळ खडक कुजून बनतो. पावसाच्या पाण्याबरोबर त्यातील सिलिका वाहून जाते, लोह आणि अॅल्युमिनियमची संयुगे मागे राहतात आणि दगडाला पोकळ्या पडतात. लेण्यातली मूर्ती क्रोशाला फारशी उपयोगी नाही. उपयोगी आहे ती मूर्तीच्या आजूबाजूची झिजलेली भिंत. तिच्यात एकही पोकळी दुसरीसारखी नाही, आणि दोन पोकळ्यांमधला पडदा कुठे जाड तर कुठे कागदासारखा. हे विणायला नेहमीची जाळी मोडावी लागते. तीन साखळ्या, मग नऊ, मग पाच, असे अंतर मनाला येईल तसे टाकत जावे, आणि काही भोकांच्या काठाने मुक्या खांबांची एक-दोन फेऱ्यांची भिंत उभी करावी, म्हणजे ते भोक खोल दिसते. रंगही भिंतीतूनच घ्यावेत : गंजाचा तांबडा, विटकरी, मधूनच पिवळट. तिन्ही रंगांचे धागे एकत्र धरून विणले तर दगडाचा मळकटपणा बरोबर उतरतो.

काळ्या जमिनीच्या भेगांची गोष्ट याच्या उलट आहे. कापसाच्या काळ्या मातीतील चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत शेताचे वेडेवाकडे तुकडे पडतात. नवखी विणणारी भेग विणायला जाते आणि फसते. भेगेचा नाद सोडून तिच्यामधली ढेकळे विणावीत, प्रत्येकाचा आकार निराळा ठेवावा आणि ती काळ्या सुताच्या विरळ जाळीने सांधावीत. आयरिश लेसची रीत हीच. फ्रीफॉर्ममधला जोडकामाचा सगळ्यात अवघड भाग इथे आयता सुटतो.

पिकांकडे पाहायला येळवशीइतका चांगला दिवस नाही. त्या दिवशी, मार्गशीर्ष अमावास्येला, लातूर आणि आसपासच्या भागात गावेच्या गावे शेतात लोटतात. कडब्याची कोप उभी राहते, चुन्याने रंगवलेले पांडव मांडले जातात, आंबील आणि भज्जीचे जेवण होते. रब्बी तेव्हा ऐन भरात असते. ज्वारीचे कणीस म्हणजे एका अक्षाभोवती दाटलेले दाणे. पॉपकॉर्न टाक्यांची रांग साखळीभोवती गुंडाळली की ते साधते. करडईची पाने काटेरी कडेची, तिथे पिको उपयोगी पडतात. कोथिंबीर फुलावर आली असेल तर तिची छत्री नीट पाहावी : एका देठातून अनेक काड्या, प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा लहान छत्री, आणि बाहेरच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या आतल्यांपेक्षा मोठ्या. साखळ्यांच्या काड्या आणि टोकाला खांबांचे झुबके, एवढ्यावर ती उभी राहते. साखळ्यांचे आकडे मोठे-लहान ठेवले नाहीत तर मात्र ती छत्री न दिसता चरखा दिसतो.

निलंगा तालुक्यातील पानचिंचोलीची चिंच प्रसिद्ध आहे. चिंचेच्या आकड्यात चिंचोके असतात तिथे फुगवटा, मधे आवळ. लांब साखळीवर मुके खांब, मग उंच खांब, पुन्हा मुके खांब, अशी उंची चढवत-उतरवत गेले की तो फुगवटा येतो. एका कडेला टाके वाढवले की आकडा वाकतो.

नांदेडकडे कापूस. ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण इथल्याच कापूस संशोधन केंद्राचा, आणि एके काळी तो मराठवाड्यात घरोघर लावला जाई. बोंडाचे चित्र काढताना सगळे जण पांढरा कापूस काढतात. त्याखालच्या तीन दातेरी पानांकडे कोणी पाहत नाही. नक्षी त्या पानांत आहे. तीन पाने स्वतंत्र विणावीत, कडेला उंच-बुटके दाते सोडावेत, वर पांढऱ्या सुताचे चार-पाच फुगीर झुबके बसवावेत. हे बोंड तपकिरी पऱ्हाटीवर जितके उठून दिसते तितके हिरव्या पानावर दिसत नाही.

थर पाहायचे असतील तर मंदिरे आहेत. देगलूर तालुक्यातील होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर कल्याणी चालुक्यांच्या काळातले, निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर तारकाकृती. दोन्हींच्या बाह्य भिंतींवरचे थर आणि खाचा छायाचित्रात टिपाव्यात, तेही कृष्णधवल; रंग गेला की सावली दिसते, आणि क्रोशात खोली सावलीतूनच येते. जुन्या शिल्पांवर कागद ठेवून खडूने ठसे घेऊ नयेत, दगड झिजतो. ठशाची हौस झाडाच्या सालीवर भागवावी.

बंजारा तांड्यांतील कशिदा हे दोन्ही जिल्ह्यांतले सर्वांत समृद्ध दालन. कवड्या, भिंगे, गडद लाल-निळ्यावर पांढरा-पिवळा टाका. त्यातला एखादा नमुना उचलून आपला म्हणून मिरवणे योग्य नव्हे, पण भिंग बसवण्याची रीत शिकण्यासारखी आहे. भिंग कापडाला चिकटवलेले नसते. भोवतीच्या टाक्यांनी ते कैद केलेले असते. क्रोशातही भिंगाएवढे वर्तुळ विणावे, भिंग ठेवावे आणि वरून दोन फेऱ्यांत टाके कमी करत कड आत आणावी. डिंक लागत नाही.

टिपण ठेवण्याची सोपी पद्धत म्हणजे वहीचे एक पान एका वस्तूला. वर छायाचित्र किंवा रेखाचित्र, खाली निवडलेला गुण एका शब्दात : ‘भोक’, ‘कड’, ‘वाढ’, ‘थर’. शेजारी सुताचा तुकडा डकवावा. दोन गुण लिहावेसे वाटले तर एक खोडावा. तुकडे तळहाताएवढेच असावेत. मोठा तुकडा दुसऱ्याशी जुळत नाही. पुरेसे झाले की जुन्या चादरीवर हव्या त्या मापाची बाह्यरेषा काढून ते पालथे मांडतात, टाचण्यांनी बसवतात आणि मधल्या फटी जाळीने भरतात. फट मोठी राहिली तर तुकडा ओढून ताणू नये, तिथे आणखी एक लहान तुकडा विणावा.

सुती धागा आणि लोकर एकत्र वापरायची असेल तर जोडण्याआधी सगळे तुकडे एकदा धुवून सावलीत सपाट वाळवावेत, कारण दोन्ही सारखे आटत नाहीत. लाल आणि गडद निळे सूत ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावे. रंग उतरला तर ते पांढऱ्याच्या शेजारी घालू नये.