पीकेटीजेन : लिनक्सच्या गाभ्यात जन्मणारी पॅकेट

संगणकावरील ब्राउझर किंवा ईमेलसारखे सॉफ्टवेअर नेटवर्क कार्डाशी थेट व्यवहार करत नाही. पाठवायच्या माहितीचा तुकडा, म्हणजे पॅकेट, ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलकडे सोपवते, आणि यंत्रसामग्रीवर पूर्ण अधिकार असलेला हा गाभा त्या पॅकेटला पत्ते जोडून, मार्ग ठरवून, फायरवॉलच्या नियमांवर पारखून आणि रांगेत लावून अखेरीस कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या हवाली करतो. लिनक्समध्ये मात्र असे एक मॉड्यूल आहे, की ज्यात पॅकेट कर्नलमध्येच तयार होते आणि मधल्या बहुतेक पायऱ्या वगळून सरळ ड्रायव्हरच्या हाती पडते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील रॉबर्ट ओल्सन यांनी २००१-०२च्या सुमारास लिहिलेले हे पीकेटीजेन पुढे बेन ग्रीअर आणि इतर अनेकांनी वाढवले. आज ते लिनक्सच्या मूळ आज्ञावलीचाच भाग आहे.

त्याची गरज गणितातून कळते. इथरनेटवरील सर्वांत लहान चौकट, म्हणजे तारेवरून जाणारे पॅकेट, ६४ बाइटची असते. तिच्या आधीचे ८ बाइटचे सूचक आणि दोन चौकटींमधील १२ बाइटएवढी सक्तीची विश्रांती धरली, तर तारेवर ८४ बाइटची, म्हणजे ६७२ बिटांची जागा लागते. यावरून सेकंदाला एक अब्ज बिटांच्या जोडणीवर अशी १४,८८,०९५ पॅकेट बसतात, आणि दहा अब्ज बिटांच्या जोडणीवर एका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम ६७.२ नॅनोसेकंद येतात, ज्यात तीन गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर सुमारे दोनशे ठोकेच देऊ शकतो. साध्या सॉफ्टवेअरने दर पॅकेटमागे कर्नलचे दार ठोठावले, तर त्या ये-जा करण्यातच या वेळेचा मोठा वाटा संपतो, आणि मग ज्याची क्षमता तपासायची तो राउटर मंद आहे की पॅकेट सोडून मोजणारा संगणक मंद आहे, हे सांगता येत नाही. मोजणाऱ्याचा स्वतःचा उशीर कमीत कमी करणे, हे पीकेटीजेनचे खरे प्रयोजन होय.

त्याची रचना अतिशय काटकसरीची आहे. मॉड्यूल चढवताच प्रत्येक प्रोसेसरसाठी कर्नलमध्ये एक स्वतंत्र धागा, म्हणजे कामाचा वेगळा प्रवाह, उभा राहतो, आणि 'प्रॉक' या आभासी निर्देशिकेतील फाइलींत मजकूर लिहून कोणत्या कार्डावरून, किती, केवढी आणि कोणत्या अंतराने पॅकेट पाठवायची हे त्याला सांगितले जाते. संख्या शून्य दिली, तर थांबवेपर्यंत मारा चालू राहतो. यातील सर्वांत कल्पक सोय पॅकेटच्या पुनर्वापराची आहे : कर्नल प्रत्येक पॅकेट एका नोंदपत्रकासह स्मृतीत ठेवतो, आणि पीकेटीजेन दर वेळी नवे न घडवता त्याच पॅकेटच्या वापराचा आकडा वाढवून तेच पुन्हा पुन्हा ड्रायव्हरकडे देते, त्यामुळे स्मृती मागण्याचा आणि भरण्याचा खर्च वाचतो. पाठवताना पॅकेटमध्ये बदल करणाऱ्या आभासी कार्डांवर ही युक्ती चालत नाही. प्रत्येक यूडीपी पॅकेटमध्ये क्रमांक आणि वेळेची नोंदही घालता येते.

या वेगाची किंमतही नोंदवली पाहिजे. मधल्या पायऱ्या टाळल्यामुळे पलीकडच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता शोधून देणारी यंत्रणा वापरली जात नाही, म्हणून तो वापरणाऱ्याने स्वतः द्यावा लागतो. निघणाऱ्या पॅकेटना फायरवॉल लागत नाही, आणि गर्दी झाली म्हणून वेग आवरणारी टीसीपीची शिस्तही येथे नाही. त्यामुळेच ते चालवण्यास प्रशासकाचा अधिकार लागतो आणि ते चालत्या जाळ्यावर कधीही लावू नये, अशी खबरदारी घ्यावी लागते. शिवाय त्याचा आकडा 'पाठवलेल्या' पॅकेटचा असतो. 'पोहोचलेली' पॅकेट दुसऱ्या टोकालाच मोजावी लागतात.

नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणाकडील टोकाला, किनवट तालुक्यात, पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्याजवळ वसलेल्या इस्लापूरसारख्या गावात एखाद्या शाळेची किंवा ग्रामपंचायतीची जोडणी मंद असेल, तर दोष दूरवरच्या तारेत आहे की त्याच खोलीतील राउटरमध्ये, हा प्रश्न अशाच मोजमापाने सुटू शकतो. महागडी चाचणी-यंत्रे तेथे पोहोचण्याची शक्यता कमी. पण मुक्त परवान्याचे पीकेटीजेन जुन्या संगणकावरही चालते, आणि राउटरच्या दोन्ही बाजूंना एकेक संगणक जोडून, जाळे बाहेरून तोडून ठेवले, की राउटरची क्षमता तपासता येते. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या, १९८१ पासून चालत आलेल्या शिक्षणकेंद्रांतील विद्यार्थ्यांना कर्नलचे अंतरंग हाताळून शिकण्यासाठी याहून उघडे उदाहरण क्वचितच सापडेल, कारण आज्ञावलीची प्रत्येक ओळ वाचता येते.

२०१५मध्ये पीकेटीजेनमध्ये आणखी एक पद्धत आली, जिच्यात पॅकेट बाहेर न पाठवता, जणू कार्डावरून नुकतेच आले आहे अशा रीतीने, कर्नलच्या आवक-मार्गात सोडले जाते. त्यामुळे ड्रायव्हर आणि तार यांचा हस्तक्षेप न येता, आलेले पॅकेट हाताळण्यात कर्नलचा किती वेळ जातो, एवढेच मोजता येते.