उरलेल्या साखरेचे गणित

गुलाबजामच्या पाकात चार थेंब लिंबू पिळले की त्या पाकाची पुन्हा साखर होत नाही. लिंबातल्या आम्लामुळे काही साखर फुटते. साखरेचा एक रेणू पाण्याचा एक रेणू घेतो आणि त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. या मिश्रणाला सहजासहजी खडे धरता येत नाहीत, म्हणून पाक नितळ राहतो. ही साखर किती वेगाने फुटते, हा प्रश्न लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने धसाला लावला आणि १८५० साली त्याचे उत्तर एका छोट्या समीकरणात लिहिले. रासायनिक क्रियेचा वेग अवकल समीकरणात, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशनमध्ये, मांडण्याची ही सुरुवात होती.

साखर निवडण्यात त्याची मोठी हुशारी होती. एरवी क्रिया कुठवर आली हे पाहायचे तर मिश्रणाचा नमुना काढून तपासावा लागतो, आणि तपासणी होईपर्यंत नमुन्यातली क्रिया पुढे सरकलेली असते. साखरेचे तसे नाही. एकाच प्रतलात कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित प्रकाश साखरेच्या पाण्यातून सोडला तर त्याचे प्रतल उजवीकडे वळते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या मिश्रणातून त्याच प्रकाशाचे प्रतल डावीकडे वळते. फ्रुक्टोजची डावी ओढ ग्लुकोजच्या उजव्या ओढीपेक्षा जास्त असते. त्यामुळे आम्ल घातलेले साखरपाणी काचेच्या नळीत भरून पोलरीमीटरमधून पाहत बसले की कोन हळूहळू उतरतो, शून्यावर येतो आणि पलीकडे जातो. नळीला हात न लावता दर घटकेला साखर किती उरली ते कळते. आपल्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत रसाचा ‘पोल’ काढतात, तो याच वळलेल्या कोनावरून.

विल्हेल्मीच्या आकड्यांतून निघालेला नियम असा: एखाद्या क्षणी साखर फुटण्याचा वेग हा त्या क्षणी उरलेली साखर, आम्लाचे प्रमाण आणि एक स्थिरांक यांच्या गुणाकाराइतका असतो. सायंकाळी किती साखर उरेल हे समीकरणात लिहिलेलेच नाही. ते फक्त या क्षणाबद्दल बोलते. तरीही त्यातून पुढचा सगळा प्रवास काढता येतो, आणि मला या गणिताचे सर्वांत मोठे अप्रूप याच गोष्टीचे वाटते.

थोडे आकडे घेऊन बघू. समजा १०० ग्रॅम साखर आहे आणि तासाला दहावा हिस्सा फुटतो. पहिल्या तासात १० ग्रॅम गेली, उरली ९०. दुसऱ्या तासात ९ गेली, उरली ८१. तिसऱ्यात ८.१. या हिशेबाने निम्मी साखर साडेसहा तासांच्या थोडे पुढे संपते. पण साखर काही तासाचा टोल पडायची वाट पाहत नाही. तासाच्या मध्यावरही ती कमी झालेली असते, आणि तेवढाच तिचा फुटण्याचा वेगही उतरलेला असतो. म्हणून टप्पा तासाऐवजी मिनिटाचा घ्यायचा, मग सेकंदाचा, मग त्याहून लहान. टप्पा लहान करत गेलो की उत्तर ६.९३ तासांवर स्थिरावते. बारावीच्या रसायनशास्त्रात अर्धायुष्य काढताना ०.६९३ ला वेग स्थिरांकाने भागतात, तो ०.६९३ इथून येतो: तो २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम आहे. १०० ग्रॅमऐवजी ५०० ग्रॅम घेतले तरी निम्मी साखर संपायला ६.९३ तासच लागतात. मुलांकडून हे भागाकार शेकड्याने करून घेतले जातात. मात्र समोरच्या घटनेवरून समीकरण मांडायचे कसे, यावर वर्गात पुरेसा वेळ जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

विल्हेल्मीचे काम तेव्हा दुर्लक्षित राहिले. तब्बल ३४ वर्षांनी, १८८४ साली, ऑस्टवाल्ड या शास्त्रज्ञाने त्याकडे रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. पुढे १८८९ मध्ये अऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने याच साखरेच्या क्रियेचा आधार घेऊन तापमानाबरोबर वेग स्थिरांक कसा वाढतो ते दाखवले. आणि १९०२ च्या सुमारास माँट्रियलमध्ये रदरफोर्ड आणि सॉडी हे शास्त्रज्ञ थोरियमपासून वेगळा केलेला एक किरणोत्सारी पदार्थ तपासत होते. त्याची क्रियाशीलता साधारण चार दिवसांत निम्मी होई, पुढच्या चार दिवसांत उरलेल्याची निम्मी. समीकरण तेच होते.

साखरेचा रेणू आणि अणूचे केंद्रक यांचे एकमेकांशी काय नाते? फुटण्याच्या कारणांत काहीच नाही. साम्य एवढेच की दोन्हीकडे प्रत्येक कण आपापला फुटतो. शेजारचा फुटला की नाही याने त्याला फरक पडत नाही, आणि पुढच्या क्षणी फुटण्याची शक्यता प्रत्येकाला सारखीच असते. जिथे ही अट पाळली जाते तिथे हेच समीकरण लागू पडते. साखरेच्या क्रियेत पाणीही खर्च होते, पण पाणी इतके मुबलक असते की त्याची घट जाणवत नाही. म्हणून ते समीकरणात वेगळे मांडावे लागत नाही.

अट मोडली की समीकरणही बदलावे लागते. उसाचा रस मुळात थोडा आम्लधर्मी असतो. त्यात साखर फुटत राहू नये म्हणून कारखान्यात रस तापवून शुद्ध करताना चुना घालतात. चुन्याने आम्ल मारले जाते आणि गाळही खाली बसायला मदत होते. इथवर विल्हेल्मीची मांडणी पुरते: गुणाकारातला आम्लाचा आकडाच आपण जवळजवळ पुसून टाकतो. तोडून फडात पडलेल्या उसाचे मात्र वेगळे. त्यातली साखर उसातली विकरे, म्हणजे एन्झाइम, फोडतात, शिवाय कापलेल्या टोकातून आत शिरलेले ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू ती खातात आणि तिचे डेक्स्ट्रान नावाचे चिकट द्रव्य करतात. जिवाणूंची वाढ त्यांच्या त्या क्षणीच्या संख्येच्या प्रमाणात होते, म्हणजे तेच समीकरण, फक्त उणेच्या जागी अधिक चिन्ह. आता एका समीकरणावर भागत नाही. साखरेचे एक आणि जिवाणूंचे एक अशी दोन समीकरणे एकमेकांत गुंतवून सोडवावी लागतात. नळीतल्या साखरेचा फुटण्याचा वेग तासागणिक उतरत जातो. फडातल्या उसात जिवाणू वाढत असतील, तर साखर आधीपेक्षा कमी उरलेली असूनही नासाडीचा वेग काही काळ चढत राहतो. उन्हाने तापलेल्या फडात तो आणखी लवकर चढतो.