डोळ्यातलं कुसळ: सापडतं कसं, निघतं कसं

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ही म्हण आपण शाळेत घोकली. प्रत्यक्षात ते सहज कुणालाच दिसत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत धानाची मळणी सुरू झाली की तूस डोळ्यात जाणं ठरलेलं. खाणपट्ट्यात कोळशाची धूळ, वेल्डिंगच्या दुकानात लोखंडाचा कण.

कण बरेचदा वरच्या पापणीखाली लपतो. पापणीच्या कडेपासून जेमतेम २ मिलिमीटर आत एक बारीक खाच असते. तिथे बसून तो प्रत्येक मिचकावणीला बुबुळावर ओरखडा ओढतो. म्हणून डॉक्टर आधी नजर तपासतात, मग पापणी उलटवतात. फ्लुरेसिनचा रंग घालून निळा उजेड टाकला की ओरखडे हिरवे चमकतात. उभ्या रेघा दिसल्या की शोध वरच्या पापणीत.

पापणीतला कण ओल्या कापसाच्या काडीने निघतो. बुबुळात रुतलेला असेल तर बधिर करणारे थेंब, स्लिट लॅम्प आणि सुईचं टोक. लोखंड काही तासांत गंजाचं कडं सोडतं, तेही खरवडावं लागतं. घरी फक्त स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका. जिभेने कचरा काढणं, एरंडेल घालणं नकोच. ग्राइंडरवरून जोरात काही घुसलं असेल तर धुऊही नका, दाबू नका, थेट दवाखाना गाठा.

तूस निघालं तरी खरी भानगड पुढे असू शकते. ओरखड्यातून बुरशी शिरते. त्यात कुणी मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणतो. लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशी फोफावते. मला सगळ्यात भीती याचीच वाटते.

नेपाळमधल्या भक्तपूरचा अभ्यास २००१ मध्ये छापून आला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी ओरखडा ओळखून क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिलं, दिवसातून ३ वेळा, ३ दिवस. १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या २८४ जणांपैकी एकालाही बुबुळावर जखम चिघळली नाही. उशीर झालेल्यांत मात्र काहींना झालीच.

आता भामरागडचा विचार करा. गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरच्या पुढे. १८ तास तिथे पटकन सरतात हो! म्हणून आधी जवळचं आरोग्य केंद्र गाठा. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, उजेड सहन होईना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघा.