मायक्रोव्होल्टचा हिशेब

आमच्या घरात १९८६ साली पहिला फ्रिज आला, तेव्हा त्याच्यासोबत करड्या रंगाचा एक पत्र्याचा डबाही आला. स्टॅबिलायझर. संध्याकाळी सातच्या सुमारास सगळ्या बिऱ्हाडांचे दिवे लागले की व्होल्टेज खाली यायचं, ट्यूबलाइट फडफडायची आणि त्या डब्यातून 'खट्' असा आवाज यायचा. आवाज झाला की आई म्हणायची, "सांभाळलं बाई त्यानं." तो डबा काय सांभाळतो हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तो आहे म्हणून फ्रिज आहे, एवढं कळत होतं.

हे सगळं आठवायचं कारण माझी मुलगी. ती हिंजवडीला एका कंपनीत नोकरी करते. काय करते, असं कुणी विचारलं की मी वर्षानुवर्षं 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगून विषय बदलत आलो. कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या बापाला पोटच्या पोरीचा दिवस कसा जातो हे सांगता येऊ नये, याची लाज वाटायची. पण विचारायचं धाडस होत नव्हतं. शेवटी निवृत्तीनंतर एका रविवारी विचारलंच.

"बाबा, मी रेग्युलेटरचे ड्रायव्हर लिहिते."

"पंख्याच्या?" मी.

सौभाग्यवती हसून हसून बेजार झाल्या. मुलगी मात्र हसली नाही. म्हणाली, "तसंच काहीसं समजा. फक्त पंखा एकच नाही, वीसपंचवीस आहेत, आणि प्रत्येकाला वेगळा वेग हवाय."

मग तिने माझाच मोबाइल हातात घेऊन समजावलं. बॅटरी एकच, साधारण ३.७ व्होल्टची. पण आतल्या मंडळींची भूक निरनिराळी. प्रोसेसरला एक व्होल्टच्या आसपास पुरतो, कॅमेऱ्याच्या एका भागाला २.८ लागतात तर दुसऱ्याला १.२. मेमरी कार्ड ३.३ वर काम सुरू करतं आणि वेग वाढवायचा असेल तर १.८ वर उतरतं. ही वाटणी करणारे छोटे छोटे रेग्युलेटर एकाच चिपमध्ये दाटीवाटीने बसवलेले असतात. कुणाला किती, केव्हा आणि कुठवर द्यायचं, हे ठरवण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं.

बचतीचं गणित तर मला फारच आवडलं. प्रोसेसरला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १.२ व्होल्टचे ०.९ केले, तर कपात पाव हिश्शाची, पण त्याच कामाचा खर्च जवळजवळ ४४ टक्क्यांनी उतरतो. असं व्याज कोणत्या बँकेने दिलंय? अर्थात त्याला क्रम आहे. वेग वाढवायचा तर आधी व्होल्टेज वाढवायचं, मग वेग. कमी करायचा तर आधी वेग उतरवायचा, मग व्होल्टेज. उलट केलंत तर उपाशीपोटी माणसाला पळायला लावल्यासारखं होतं, आणि यंत्र मध्येच कोलमडतं.

हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने विद्यार्थी असताना, १९९१ साली, जो लिनक्स कर्नल लोकांसमोर ठेवला, तोच आज अँड्रॉइड फोनच्या पोटात असतो. रेग्युलेटरांसाठी एक सामाईक रीत मात्र त्यात पुष्कळ उशिरा आली. एडिनबरोच्या वुल्फसन मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या चिप बनवणाऱ्या कंपनीत सुरू झालेलं हे काम. त्याच्या मूळ फाइलवर लेखक म्हणून लियाम गर्डवुड यांचं नाव आहे. २००८ च्या ऑक्टोबरात आलेल्या २.६.२७ या आवृत्तीत ते पहिल्यांदा सामील झालं.

त्यातला शब्द ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. जो भाग वीज मागतो त्याला तिथे 'कन्झ्युमर' म्हणतात. ग्राहक! मग मला पुढचं सगळं आपोआप समजू लागलं. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर हा ग्राहक. तो थेट तिजोरीला हात लावत नाही, काउंटरवर येऊन अर्ज करतो: मला इतक्यापासून इतक्यापर्यंतचं व्होल्टेज चालेल. एकाच रेग्युलेटरवर दोन ग्राहक असतील, तर दोघांनाही चालेल असाच आकडा शोधला जातो; नाही सापडला तर अर्ज नामंजूर. किती जणांनी 'चालू करा' म्हटलंय याची मोजणी ठेवलेली असते. एकाने 'माझं झालं' म्हटलं म्हणून पुरवठा लगेच बंद होत नाही. शेवटचा ग्राहक उठला की मगच दिवा मालवायचा.

आणि या सगळ्यांच्या वर मंजुरीची मर्यादा. त्या विशिष्ट सर्किट बोर्डासाठी प्रत्येक रेग्युलेटरचा किमान आणि कमाल आकडा एका फाइलमध्ये लिहून ठेवतात, तोही मायक्रोव्होल्टमध्ये. १.८ व्होल्ट म्हणजे १८,००,०००. अर्ज कितीचाही येवो, या मर्यादेबाहेर कर्नल जात नाही. बिघडलेल्या ड्रायव्हरने यंत्र जाळून टाकू नये म्हणून ही तजवीज.

एक गंमत सांगायलाच हवी. यंत्र सुरू झाल्यावर ज्या रेग्युलेटरवर कुणीच हक्क सांगितला नाही आणि ज्याला चालू ठेवण्याची सूचनाही नाही, तो कर्नल थोड्या वेळाने बंद करून टाकतो. नवख्यांची हमखास फजिती इथे होते. पडदा छान उजळतो आणि अर्ध्या मिनिटाने गुडुप! पडद्याच्या वतीने अर्ज करायचाच राहिलेला असतो. दावा न केलेल्या ठेवींच्या याद्या मी स्वतः केल्या आहेत; त्या पडद्याबद्दल मला फार कणव वाटली.

त्यानंतर काही महिन्यांनी एका रात्री ती साडेअकराला घरी आली, न जेवता गॅलरीत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाबा, तीन बोर्डांचे कॅमेरे गेले. माझ्या हातून."

घडलं होतं ते इतकंच. मर्यादांच्या त्या फाइलमध्ये वरचा मजकूर उचलून तिने खाली ठेवला, नाव बदललं, आकडा बदलायचा राहिला. १२,००,००० च्या जागी १८,००,००० तसेच राहिले, किमानही तेच आणि कमालही तेच. असे दोन्ही आकडे सारखे असले, की कर्नल कुणाच्या अर्जाची वाट पाहत नाही. सुरू होतानाच तेवढं व्होल्टेज लावून मोकळा होतो. पहारेकरी चोख होता, पण त्याच्या हातात कागदच चुकीचा दिला होता. पहिला बोर्ड गेला तेव्हा कॅमेराच खराब असेल असं वाटलं, म्हणून दुसरा जोडला. मग तिसरा.

"कुणी तपासलं नव्हतं?" मी विचारलं. लिनक्सच्या मूळ कामात २००४ पासून प्रत्येक बदलाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' म्हणून करणाऱ्याची सही असते, पुढे नेणारा आपली सही जोडतो, हे तिनेच मला सांगितलं होतं. आमच्या व्हाउचरवरच्या दोन सह्यांसारखंच.

"घाई होती. तपासणाऱ्यानं न बघताच हो म्हटलं."

मी काही वेळ बोललो नाही. मग तिच्या आईलाही धड न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. १९८९ साल, पगाराचा दिवस, काउंटरवर ही गर्दी. एका खात्यात साडेचार हजार जमा करायचे, तिथे क्लार्कने पंचेचाळीस हजार लिहिले आणि मी न बघता सही ठोकली. संध्याकाळी हिशेब जुळेना. रात्री दहाला चूक सापडली तोवर त्यातले वीस हजार खात्यातून गेले होते. तो गृहस्थ भला निघाला, आठ दिवसांनी स्वतः परत घेऊन आला. त्या आठ दिवसांत मी घरी नीट जेवलो नाही, आणि ऑडिटमुळे काम वाढलंय अशी थाप मारत राहिलो. तू तेव्हा जन्मली नव्हतीस, म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "मग तुमच्या क्लार्कला काय बोललात?"

"काहीच नाही. सही माझी होती."

ती उठली आणि गार झालेला वरणभात जेवली.

पुढच्या शनिवारी ती एक कागद घेऊन आली. ऑफिसची फाइल घरी दाखवायची नसते, म्हणून नव्या बोर्डाच्या मर्यादांचे नुसते आकडे तिने हाताने उतरवून आणले होते, आणि चिपच्या माहितीपत्रकातले आकडे दुसऱ्या कागदावर. "तुमच्या बँकेत करायचे तसं करूया," म्हणाली. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने खूण करायची. मी चष्मा पुसला, लाल पेन्सिल काढली. ती एकेक आकडा वाचू लागली आणि मी शून्यं मोजून टिक करू लागलो. बावीस ओळी होत्या. सगळे आकडे जुळले.

एका ओळीवर मात्र मी पेन्सिल थांबवली. तिथे तिने आकड्यापुढे 'ऑलवेज ऑन' लिहिलं होतं.

"हा का सतत चालू? एवढी काटकसर चाललीय, आणि याला सूट?"

"बाबा, तो मेमरीचा आहे. तो बंद केला तर सगळंच विसरेल."

मी टिक केली.