कालवाच्या घरातील पाहुणा

वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या आपणा बालाघाटकरांना समुद्र तसा दूरचाच. तरीही मुंबई-कोकणच्या खडकांना चिकटून जगणाऱ्या कालवांची एक व्याधी माझ्या बालरोगशास्त्राला इतकी निकट आहे, की या स्मरणिकेच्या निमित्ताने तिची ओळख करून द्यावीशी वाटते.

कालवाच्या शिंपल्यात कधीकधी वाटाण्याएवढा, मऊ अंगाचा खेकडा आढळतो. ॲरिस्टॉटलच्या काळी असा खेकडा शिंपल्यातील जिवाचा राखणदार मानला जाई. तो गेला तर शिंपल्यातील जीवही मरतो, अशी समजूत होती. ‘पिनोथेरिस’ या त्याच्या शास्त्रीय नावातही हाच अर्थ आहे. पुढे त्याला निरुपद्रवी सहभोजी ठरविण्यात आले. १९४५ साली लेस्ली स्टाउबर यांनी अमेरिकेतील कालवांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि राखणदाराचे खरे रूप उघड झाले. कालव कल्ल्यांतून पाणी गाळून अन्नकण चिकट स्रावात गोळा करते. खेकड्याची मादी तेथेच ठाण मांडते, हा आयता घास उचलते आणि उचलताना कल्ल्यांना इजा करते.

कालव यामुळे सहसा मरत नाही, ते रोडावते. न्यूझीलंडमध्ये कालवांच्याच जातकुळीतील शिणाण्यांची शेती होते. तेथे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खेकडा असलेल्या शिणाण्यांचे वजन सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले.

याहून विलक्षण नोंद आपल्या मुंबईची आहे. आवटी आणि राय यांनी १९३१ साली मुंबईच्या कालवावर प्रबंध प्रसिद्ध केला. कालव आयुष्यात लिंग बदलू शकते. खेकडा बाळगणाऱ्या कालवांत नरांचे प्रमाण फार अधिक असल्याचे त्यांना आढळले. अंडी घडविण्यास विपुल पोषण लागते. ते पाहुण्याने पळविले, तर मादीपण पेलत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला.

हे वाचताना मला आपल्या धानाच्या बांधांवरून अनवाणी फिरणारी मुले आठवतात. अंकुशकृमी त्यांच्या तळपायांतून शिरतो, आतड्यात बिऱ्हाड करतो आणि रक्त पितो. मूल दगावत नाही; शाळेत जाते, खेळते. आई एवढेच म्हणते, “अंगी लागत नाही.” त्यातून ती मुलगी असेल, तर रक्तक्षयाचे ओझे घेऊनच ती उद्या माता होते.

१० फेब्रुवारी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाऊ लागले. परंतु गोळीने जंत जातो, दूषित माती तशीच राहते. पायांत चपला आणि घरोघरी वापरात असलेले शौचालय यांना पर्याय नाही. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती एवढीच, की कोणत्याही कारणाने आलेल्या मुलाचे वजन घ्यावे, पापणी उलटून पाहावी. जो परोपजीवी यजमानाला मारत नाही, तो निरुपद्रवी असतो असे नव्हे. त्याची चोरी उशिरा उमगते, इतकेच.