तव्यासमोरून दस्तरखानावर

रमजानमध्ये इफ्तारीचं कौतुक सगळ्यांनाच असतं. सोलापुरात विजापूर वेशीतली संध्याकाळची गर्दी बघायला आमचे हिंदू सहकारीही आवर्जून येतात. पण इफ्तार म्हणजे रात्रीचं जेवण नव्हे, हे त्यांना दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं. साडेसहाच्या पुढेमागे खजूर, फळं, भजी खाऊन रोजा सुटतो. मग मगरिबची नमाज, पुढे इशा आणि तरावीह. पुरुष मंडळी मशिदीतून परततात तेव्हा साडेनऊ वाजून गेलेले असतात, आणि घराला खरी भूक तेव्हा लागते.

कॉलेजातून मी पाचला घरी पोचते. इफ्तारीचं कसंबसं जमतं. पंचाईत होते ती या रात्रीच्या जेवणाची. आमच्या घरात पोळी चालवून घेतात, ज्वारीची भाकरी मागून घेतात. आणि भाकरी खायची तर तव्यावरून थेट ताटात. म्हणजे जेवणारे पाच जण दस्तरखानावर आणि थापणारी एकटी ओट्याशी. माझी भाकरी शेवटची, तोवर बाकीचे हात धुऊन उठलेले. लग्नाला अठरा वर्षं झाली, यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं; खरं सांगायचं तर मलाही नाही. दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये धाकटीनं विचारलं, "अम्मी, रोजा तो तुम्हारा भी रहता ना? फिर हमारे साथ कायकू नै बैठते?"

उत्तर दोन गल्ल्या सोडून होतं. तिथल्या एक मावशी घरीच कडक भाकरी करून विकतात. सोलापूरकरांना कडक भाकरी काय सांगायची, पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर तिच्यातला ओलावा पार जाईपर्यंत ठेवायची. पापडासारखी कडकडीत झाली की कितीतरी दिवस टिकते. पीठ मात्र ताजंच हवं, जुन्या पिठाची भाकरी थापतानाच चिरते. ज्वारीसाठी आपल्याला लांब जायला नको. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

सासूबाईंना हे मुळीच रुचलं नाही. बरकतीच्या महिन्यात घरचा तवा थंड आणि बाजारची भाकरी? शिवाय त्यांचे दात. मी वाद घातला नाही, मसूर शिजत घातली.

मसुरीला भिजवणं लागत नाही, म्हणून ती माझी लाडकी. मगरिबनंतर वाटीभर डाळ, एक टोमॅटो, हळद घालून कुकर लावायचा. घरातली तरावीह आटोपली की लसूण, जिरं, सुक्या मिरच्या आणि कढीपत्त्याची फोडणी. डाळ नेहमीपेक्षा पातळ ठेवायची, कारण ही भाकरी रस्सा पिते. ताटात भाकरी कुस्करायची, वर उकळती डाळ ओतायची आणि पाच मिनिटं धीर धरायचा. (दिवसभर धरलेला असतोच.) सोबत मावशींकडचीच शेंगाचटणी, उखळात कुटलेली, तेल सुटलेली, तिच्यावर दही आणि बाजूला कांदा. रविवारी डाळीऐवजी मटणाचा रस्सा. फोडणीपासून ताटापर्यंत वीस मिनिटं पुरतात. सहेरीलाही दही-भाकरी बरी पडते, फक्त तेव्हा चटणीला हात लावू नये, दुपारी घसा कोरडा पडतो.

त्या रात्री सासूबाईंनी पाचच्या जागी दहा मिनिटं धीर धरला, भाकरी मऊ झाली, आणि त्या काही न बोलता जेवल्या. आठवड्यानं त्यांनीच विचारलं, "भाकरी संपत आली का गं?" ताजी भाकरी आमच्याकडे अजूनही होते, पण सुटीच्या दिवशी. एरवी सहाही जण एकदम बसतो. पहिल्या दिवशी मला चुकल्यासारखं झालं होतं. मी दोनदा उगाच ओट्याकडे जाऊन आले.

भाव मी करत नाही. आमच्या घरचं तव्यासमोरचं उभं राहणं आता मावशींच्या वाट्याला गेलंय, याची जाणीव असते. परवा पुडा घेताना विचारलं, "मावशी, तुमच्याकडे रात्रीला काय?"

"भात," त्या म्हणाल्या. "दिवसभर भाकऱ्या थापल्यावर परत तव्याम्होरं कोण उभं राहतंय?"